वाहन दूरगावी पाठविताना

बदलीवर परराज्यात जाणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या कर्मचाऱ्यापुढे आपले वाहन कोणाच्या हवाली करावे, हा प्रश्न उभा राहतो. दुचाकीसाठी बडनेरा व अकोला स्थानकांतील रेल्वे पार्सल हा जुना मार्ग. तेथे पेट्रोलची टाकी रिकामी करून व वाहन नीट बांधून द्यावे लागते. रस्त्याने पाठवावयाचे झाल्यास भाडे ठरविण्यापूर्वी वाहतूकदाराची नोंदणी पाहावी. २००७ च्या रस्ता मालवाहतूक अधिनियमान्वये ती सक्तीची आहे.

खरी मेख पावतीत असते. वाहनाची किंमत जाहीर करून अधिक जोखमीचा दर भरला नसेल, तर भरपाई सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. भाडे ४,००० रुपये दिले असेल, तर लाखाची मोटारसायकल नष्ट होऊनही ४०,००० रुपयेच पदरात पडतील. म्हणून किंमत, आधीचे ओरखडे व किलोमीटरचा आकडा पावतीवर लिहून घ्यावा. तोंडी हमी पुढे सिद्ध करणे कठीण. दाव्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तिची १८० दिवसांची मुदत वाहन ताब्यात मिळाल्यापासून नव्हे, तर ते वाहतुकीसाठी नोंदविल्याच्या दिवसापासून मोजली जाते. पुष्कळांची गफलत येथेच होते.

एमएच २७ वा एमएच ३० क्रमांकाचे वाहन परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे असल्यास परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्यावे.