ग्रेहाउंडचं पुस्तक, कारवानीचं घर: 'नॉर्मल' नक्की कोणाचं?



आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) ग्रेहाउंड पाळणारे तसे कमीच. पण त्याचा देशी भाऊबंद म्हणावा असा कारवानी मात्र कर्जत-श्रीगोंद्यापासून खाली सोलापूर, लातूरपर्यंत वस्त्यावस्त्यांवर दिसतो. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि काटक पाय. कान-शेपटीला झालर असेल तर लोक त्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात याच घराण्याचा मुधोळ हाउंड प्रसिद्ध आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातलं एक मुधोळचं होतं.

आता अडचण अशी, की कारवानीची निगा कशी राखायची हे शोधायला बसलं तर हाती लागणारं बहुतेक संशोधन ग्रेहाउंडवरचं असतं. मग ते कारवानीला लावायचं का? लावायचं तर कुठपर्यंत? संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. एका गटावर काढलेला निष्कर्ष दुसऱ्या गटाला लागू पडतो का, हे पुढे प्रत्येक पेपर वाचताना तुम्हाला विचारावं लागणार आहे. आज तोच प्रश्न घरातल्या कुत्र्याच्या निमित्ताने बघू. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधाचे डोस वगैरे इथे मिळणार नाहीत. पुरावा कसा वाचायचा आणि त्यावरून घरात काय बदलायचं, एवढंच.

शरीरावरून थेट कळणाऱ्या गोष्टी

काही गोष्टींसाठी जात कोणती हे महत्त्वाचं नसतं, शरीराची ठेवण महत्त्वाची असते. ग्रेहाउंड आणि कारवानी दोघेही नजरेने शिकार हेरणारे आणि वेगाने पाठलाग करणारे. कातडी पातळ, केस आखूड, चरबी कमी. यावरून बऱ्याच गोष्टी सरळ निघतात.

मान डोक्याच्या मानाने जाड असते. साधा पट्टा मागे ओढला की डोक्यावरून सटकतो. म्हणून रुंद आणि ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा घ्या, नाहीतर छातीभोवतीचा हार्नेस वापरा. कोपरावर मांस नसतं, त्यामुळे फरशीवर बसून बसून तिथे घट्टे पडतात. जुनी गोधडी चार घड्या घालून टाकली तरी काम होतं. गुळगुळीत टाइल्सवर हे लांब पाय फाकतात, तेव्हा जिथून ते पळतं तिथे सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. डिसेंबरच्या रात्री ओट्यावर झोपवू नका. एप्रिल-मेमध्ये पळवायचं तर सूर्य उगवायच्या आसपास, नंतर नाही. उन्हात धाप थांबेना, तोंडाला फेस येऊ लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर आधी सावली, अंगभर पाणी, पंखा आणि मग लगेच दवाखाना.

पाठलागाची सवय ही या कुत्र्यांची सगळ्यात मोठी जोखीम. मांजर दिसलं की ते सुटतं, आणि त्या क्षणी तुमची हाक त्याला ऐकू येत नाही. आपल्याकडे शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, काटेरी तारा आहेत, आणि नगर-मनमाड किंवा नगर-पुण्यासारखे रस्ते आहेत. मोकळं सोडायचं तर चारी बाजूंनी कुंपण असलेल्या जागेतच. दुसरी बाजू कायद्याची. ससा, काळवीट, चिंकारा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्यच आहे. 'कुत्र्याने धरलं, मी नाही' हा बचाव चालेल असं समजू नका.

खाण्याबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक, शेवटच्या बरगड्या दिसतात म्हणजे कुत्रं उपाशी आहे. दोन, शिकारी कुत्रं उपाशी ठेवलं तरच पळतं. पहिल्याने कुत्रं विनाकारण लठ्ठ होतं, दुसऱ्याने खंगतं. या ठेवणीच्या कुत्र्याच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ठीक. पण कण्याचे मणके आणि कमरेची हाडं टोचल्यासारखी वर आली असतील तर ते कमी वजन. नुसत्या दूध-भाकरीवर प्रथिनं पुरत नाहीत, अंडी किंवा मांस जोडीला हवं. मात्र घरातला रस्सा त्यावर ओतू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, हे द्राक्षबागायतदारांनी तर लक्षात ठेवावंच.

रक्ताचा रिपोर्ट: 'नॉर्मल' ही रेघ कुणी आखली?

आता खरा संशोधनाचा भाग. लॅबच्या रिपोर्टवर प्रत्येक आकड्यासमोर एक मर्यादा छापलेली असते. ती येते कुठून? निरोगी प्राण्यांचा एक गट घेतात, त्यांचे आकडे मांडतात आणि मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा 'नॉर्मल' म्हणून छापतात. म्हणजे व्याख्येनेच दर वीस निरोगी प्राण्यांमागे एक जण त्या पट्ट्याबाहेर पडतो. आता एका रिपोर्टमध्ये वीस तपासण्या आहेत आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरा. पूर्ण निरोगी कुत्र्याचा निदान एक आकडा 'अ‍ॅबनॉर्मल' येण्याची शक्यता किती? एक वजा ०.९५ चा विसावा घात, म्हणजे साधारण ६४ टक्के. एका ठळक छापलेल्या आकड्याने घाबरायचं नाही, ते यामुळे.

पण त्याहून मोठा प्रश्न हा, की तो गट कुणाचा होता? ग्रेहाउंडवर यावर भरपूर काम झालंय. सर्वसाधारण कुत्र्यात रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, साधारण ३७ ते ५५ टक्के धरतात. ग्रेहाउंडमध्ये ते पन्नाशीच्या वर, कधी साठीपर्यंत जातं. प्लेटलेट सर्वसाधारण कुत्र्यात दोन ते पाच लाख धरतात. निरोगी ग्रेहाउंडमध्ये दीड लाखाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतात. थायरॉइडचं टी-फोर कमी आणि क्रिएटिनिन थोडं जास्त, हेही त्यांच्यात नेहमीचंच. अशा कुत्र्याला सर्वसाधारण मर्यादा लावली, तर नसलेल्या थायरॉइडच्या आजारावर गोळ्या सुरू होऊ शकतात.

आपल्याकडे यात एक वेगळा पेच आहे: गोचीड. गोचिडांमधून एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार पसरतात आणि दोन्हींत प्लेटलेट घसरतात. समजा एका कारवानीच्या प्लेटलेट एक लाख दहा हजार आल्या. हा आजार, की ठेवणीचा गुण? 'हाउंडचं असंच असतं' म्हणून सोडून दिलं तर एर्लिकिया हाताबाहेर जाऊ शकतो. उलट चूकही तशीच. हिमॅटोक्रिट ४० आला तर रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येईल. पण ज्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा ५५ आहे, त्याच्यासाठी ४० म्हणजे रक्त बरंच उतरलंय.

यावर उपाय साधा आहे आणि तुम्ही प्रयोगशाळेत रोज करता तोच: बेसलाइन. कुत्रं ठणठणीत असताना, पूर्ण वाढ झाल्यावर, एकदा रक्त तपासून घ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा. पुढे आजारपणात तुलना छापील मर्यादेबरोबरच त्याच्या स्वतःच्या आकड्याशीही करता येते. प्लेटलेट कमी आल्या तर काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, कारण प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मशीन कमी मोजतं. आणि रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, जांघा, शेपटीखालची जागा यांवरून हात फिरवायचा. गोचीड शोधण्याचं यापेक्षा स्वस्त तंत्र नाही.

भूल: जुनं स्पष्टीकरण आणि चाचणी

ग्रेहाउंडला थायोपेंटालसारख्या बार्बिच्युरेट गटातल्या भुलीतून शुद्धीवर यायला फार वेळ लागतो, हे डॉक्टरांना खूप आधीपासून माहीत होतं. स्पष्टीकरण तयारच होतं: हे औषध चरबीत जाऊन बसतं, ग्रेहाउंडला चरबीच नाही, म्हणून ते रक्तात रेंगाळतं. ऐकायला अगदी पटणारं. पण पटणारं स्पष्टीकरण आणि तपासलेलं स्पष्टीकरण यात फरक असतो.

दुसरी शक्यता अशी होती, की औषध मोडणारं यकृतातलं विकर, म्हणजे एन्झाइम, ग्रेहाउंडमध्ये मंद असावं. दोन्हींतलं खरं कोणतं हे कसं ओळखायचं? १९८८ साली सॅम्स आणि मुइर यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे बघण्यासारखा आहे. त्यांनी ग्रेहाउंडना आधी फेनोबार्बिटाल दिलं. ते यकृतातली ही विकरं वाढवतं. नंतर थायोपेंटाल दिलं, तर ते शरीरातून लवकर निघून गेलं. आता विचार करा: फेनोबार्बिटालने कुत्र्याची चरबी वाढलेली नाही. कारण नुसतं चरबीचं असतं तर फरक पडायला नको होता. फरक पडला, म्हणजे यकृताचा वाटा मोठा. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या गटाने ग्रेहाउंडमध्ये आणि इतर काही जातींतही सीवायपी२बी११ या विकराच्या जनुकातले असे बदल दाखवले, ज्यांनी ते विकर कमी तयार होतं.

आता कारवानीचं काय? कारण फक्त चरबी असती, तर प्रत्येक बारीक कुत्र्याला तोच धोका आहे असं म्हणता आलं असतं. पण कारण जनुकात असेल, तर दिसण्यावरून काहीच ठरत नाही. दोन कुत्री सारखी दिसतात म्हणून त्यांच्यात तेच जनुक-बदल असतील असं नाही, आणि नसतीलच असंही नाही. म्हणून नसबंदीची किंवा कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर जात आधी सांगा, वजन अंदाजे न सांगता काट्यावर करा, आणि शुद्धीवर येईपर्यंत अंगावर पांघरूण ठेवायला सांगा. चरबी कमी असल्याने थंडी मात्र दोघांनाही लवकर भरते. इथे ठेवणीचं कारण पुरेसं आहे.

बिबट्या: नगर जिल्ह्यातलाच पुरावा

परदेशी पुस्तकात घराच्या सुरक्षिततेचं प्रकरण जिने आणि स्विमिंग पूलवर असतं. आपल्याकडे ते बिबट्यापासून सुरू व्हायला हवं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतले केस वगैरे अवशेष ओळखून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये 'ओरिक्स' या नियतकालिकात आला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव प्राण्यांचं होतं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के.

हा आकडा वाचताना घाई नको. ३९ टक्के कुत्री बिबट्याने खाल्ली, असा याचा अर्थ नाही. खाल्लेल्या मांसातला तो वाटा आहे. खरी गंमत पुढे आहे. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच. बिबट्याला शेळी आवडत नाही, असा निष्कर्ष काढायचा का? नाही. शेळ्या रात्री गोठ्यात बंद असतात आणि कुत्री बाहेर फिरतात. आवड आणि उपलब्धता यांची इथे सरमिसळ होते. संशोधनाच्या भाषेत याला कन्फाउंडर म्हणतात, आणि मुलाखतीत याचं उदाहरण विचारलं तर हे बिनधास्त सांगा.

घरासाठी अर्थ सरळ आहे. जे शेळीला वाचवतं, तेच कुत्र्याला वाचवेल. दिवस मावळला की कारवानी आत, दार बंद. घरात शक्य नसेल तर चारी बाजूंनी जाळी आणि वर पक्कं छप्पर असलेला पिंजरा, कारण नुसती भिंत बिबट्या ओलांडतो. ओट्यावर साखळीने बांधून ठेवणं सगळ्यात वाईट. या कुत्र्याची ताकद पळण्यात आहे, आणि साखळी नेमकी तीच काढून घेते.

कुणीतरी करायला हवं असं काम

नव्या पद्धतीने रक्ताची मर्यादा ठरवायची तर साधारण १२० निरोगी प्राणी असावेत अशी शिफारस आहे. अहिल्यानगर, सोलापूर, लातूर मिळून एवढे कारवानी पाळणारे गाठणं अवघड नाही. शिरवळ किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला हा एम.व्ही.एस्सी.चा विषय होऊ शकतो. निरोगी म्हणजे काय हे आधी लिहून ठरवायचं, गोचिडांच्या आजाराची चाचणी करून तसे कुत्रे वगळायचे, वय-लिंग नोंदवायचं, मालकाची लेखी संमती आणि प्राणी नीती समितीची परवानगी घ्यायची. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी द्यायची असतेच. त्याच वेळी मालकाने तयार असेल तर नमुना घेता येतो, कुत्र्याला वेगळा त्रास नाही.

असं काम झालं, की नगरच्या एखाद्या दवाखान्यात 'प्लेटलेट एक लाख दहा हजार' असा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना परदेशी ग्रेहाउंडवरून अंदाज बांधावा लागणार नाही. तोपर्यंत तुमच्या कुत्र्याचा निरोगीपणीचा रिपोर्ट लसीच्या कार्डासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि दवाखान्यात जाताना ती फाइल घेऊन जा.