पन्नास हजारांत एक!

चला, मोजायलाच बसू. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांतून मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त जातं. दिवसाला 7,200 लिटर. वर्षाला 26 लाख लिटरांहून जास्त! 20 फूट व्यासाची, 30 फूट पाण्याची विहीर घ्या. अशा जवळजवळ दहा विहिरी दर वर्षी छातीतून उपसल्या जातात. या रक्ताला हवा भेटते ती सुमारे 48 कोटी वायुकोशांत. एकेक जेमतेम 0.2 मिलिमीटरचा. ओळीने मांडले तर 96 किलोमीटर. सीएसएमटी ते पुणे लोहमार्ग 192 किलोमीटर. म्हणजे बरोब्बर निम्मी वाट!

एवढ्या पसाऱ्यावर हुकूम कोणाचा? हवेच्या आणि रक्ताच्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळणाऱ्या आणि सैलावणाऱ्या रसायनांचा. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की तेवढ्याच दाबाला प्रवाह थेट सोळाव्या हिश्शावर येतो. सोळा डब्यांच्या गाडीचा एकच डबा उरला! आणि त्रिज्या नुसती दहा टक्के वाढली, की प्रवाह जवळजवळ दीडपट!

आवळणाऱ्या रसायनांपैकी दोन घ्या: हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन डी-4. श्वासनलिका आवळण्यात ल्युकोट्राइन डी-4 हे हिस्टामिनपेक्षा सुमारे हजारपट जहाल. हिस्टामिनला जिथे हजार रुपये मोजावे लागतील, तिथे याचं एका रुपयात भागतं. सैलावणारी औषधंही तितकीच चिमुकली. साल्ब्युटामॉलचा फवारा 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे 3.79 ग्रॅमच्या रुपयाच्या नाण्याइतक्या वजनात जवळपास 38 हजार फवारे! अजून खाली उतरू. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब चढला, की शिरेतून एपोप्रोस्टेनॉल देतात. सुरुवात किलोमागे मिनिटाला 2 नॅनोग्रॅमपासून. साठ किलोच्या माणसाला या दराने एक ग्रॅम किती पुरेल? पंधरा वर्षं, वर दहा महिने!

आता कळस: नायट्रिक ऑक्साइड. काही बाळांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जन्मानंतरही आवळलेल्याच राहतात. रक्त फुप्फुसांना वळसा घालतं, बाळ निळं पडतं. त्याला हा वायू श्वासातून देतात, दहा लाख भागांत फक्त 20. म्हणजे 50,000 रेणूंत एक! प्रत्येकी 5,000 माणसं कोंबलेल्या दहा लोकल उभ्या करा. त्या सगळ्या गर्दीतला एकच माणूस! हा वायू हवा पोचेल तिथल्याच वाहिन्या उघडतो. रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला पकडतं, त्यामुळे बाकीच्या शरीराचा रक्तदाब ढळत नाही. शरीरातलं या रेणूचं काम ओळखणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998चं नोबेल मिळालं, ते उगाच नाही. पन्नास हजारांतल्या त्या एकाच्या जोरावर कित्येक निळी बाळं गुलाबी झाली आहेत!