घराच्या रक्षणासाठीं स्वस्त पिस्तूल : पुरेसें म्हणजे काय?

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनार्‍यावर एक दृश्य गांवोगांव आढळतें. नारळी-पोफळीच्या बागेंत चिर्‍याचें जुनें, ऐसपैस घर. घरांत दोन वृद्ध माणसें. मुलगे मुंबईला नाहीं तर पुण्याला. आणि शेजार हांकेच्या अंतरावर. पावसाळ्यांत वीज गेली आणि समुद्राची गाज वाढली, म्हणजे ती हांकहि शेजारीं पोंचत नाहीं. अशा घरच्या मुलाच्या मनांत केव्हां तरी येतें, कीं वडिलांजवळ एखादें लहानसें पिस्तूल असावें. आणि पाठोपाठ दुसरी शंका येते, कीं फार खर्च न करतां मिळणारें पिस्तूल वेळेला उपयोगीं पडेल काय? ह्या शंकेचें निरसन कोणत्या क्रमानें करावें, तें आज पाहूं.

प्रश्न वरवर पाहतां किंमतीचा दिसतो. परंतु वस्तु पुरेशी आहे कीं नाहीं, हें तिच्या कामावरून ठरतें. घराच्या रक्षणासाठीं ठेवलेल्या शस्त्राचें काम वर्षानुवर्षें कांहींच नसतें आणि एखाद्या रात्रीं तें कांहीं क्षणांत उरकावयाचें असतें. अंधारांत, झोंपेंतून उठलेल्या आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून, पांच-सात पावलांवरून, पहिल्याच ओढीला तें उडालें पाहिजे. एवढें ज्याच्याकडून होईल तें पुरेसें. ज्याच्याकडून होणार नाहीं तें कितीहि महाग असलें तरी अपुरें.

कायद्यानेंहि हा पुरेपणाचा विचार केलेला आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या १३ व्या कलमांत पिकांच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक सांगितली आहे. आणि ती त्या कामास पुरी पडणार नाहीं अशी अधिकार्‍याची खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मोकळीक ठेविली आहे. सिंधुदुर्गांत माकडें, रानडुकरें आणि गवे ह्यांच्या उपद्रवामुळें शेतीसंरक्षणाच्या बंदुका घरोघरच्या ओळखीच्या आहेत. स्वतःच्या रक्षणासाठींहि तेंच कलम निदान २० इंच लांबीच्या नळीची बंदूक डोळ्यांपुढें ठेवतें. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवें असेल, तर त्यासाठीं सबळ कारण दाखवावें लागतें. केवळ मालमत्ता पुरेशी नाहीं म्हणून परवाना नाकारूं नये, असें १४ वें कलम सांगतें. तेव्हां हा श्रीमंतांचाच मामला आहे, अशी समजूत करून घेण्याचें कारण नाहीं. अर्ज ओरोस येथें जिल्हादंडाधिकार्‍यांकडे करावयाचा. पोलिसांची चौकशी व्हावयाची. आणि २०१६ च्या नियमांप्रमाणें शस्त्र हाताळण्याचें शिक्षण घेऊन तें सुरक्षित ठेवण्याची हमीहि द्यावयाची. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसास दोनच शस्त्रें ठेवतां येतात आणि परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परवाना माणसाच्या नांवाचा असतो. घराच्या नांवाचा नसतो. मुलानें आपल्या परवान्यावर पिस्तूल घ्यावें, तें गांवीं वडिलांच्या उशाशीं ठेवावें आणि आपण मुंबईची गाडी धरावी, हें कायद्याला मान्य नाहीं. ज्याच्या हातीं शस्त्र राहणार, त्यानेंच अर्ज करावयाचा आणि त्यानेंच तें शिकावयाचें. चोरून मिळणारा गांवठी कट्टा तर ह्या विचारांत धरूंच नये. विनापरवाना शस्त्र बाळगणें हा तुरुंगवासाचा गुन्हा आहेच. शिवाय पारख न झालेल्या नळीची काडतूस उडतांच चिंधड्या होण्याची भीति असते, आणि तिच्या सर्वांत जवळ धरणार्‍याचाच हात असतो.

आतां किंमतीकडे वळूं. आपल्याकडे शस्त्राची किंमत त्याच्या गुणावरून ठरते असें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत परदेशी पिस्तुलांची खासगी आयात बंद झाली. त्यामुळें पूर्वीं आलेलीं जुनीं विलायती शस्त्रें दुर्मिळ होऊन त्यांचे भाव लाखोंच्या घरांत गेले. ती किंमत दुर्मिळतेची आहे. साठ-सत्तर वर्षांच्या वापरानें झिजलेलें विलायती रिव्हॉल्व्हर नव्या देशी रिव्हॉल्व्हरपेक्षां अधिक खात्रीचें असेलच असें मुळींच नाहीं. देशी शस्त्रांत कानपूरच्या सरकारी कारखान्याचें .३२ इंची रिव्हॉल्व्हर परिचित आहे. २०१४ सालीं कानपूरहूनच 'निर्भीक' नांवाचें सहा गोळ्यांचें, सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें हलकें रिव्हॉल्व्हर निघालें. त्या वेळीं त्याची किंमत सुमारें १ लाख २२ हजार रुपये होती. पुढें बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यानें 'निडर' नांवाचें .२२ इंची, त्याहूनहि हलकें आणि पुष्कळच कमी किंमतीचें रिव्हॉल्व्हर काढलें. आपल्या बाजारांत 'स्वस्त' ह्या शब्दाचा अर्थ बहुधा ह्या शस्त्रांपुरता मर्यादित आहे.

त्यांची पहिली कसोटी अशी, कीं शस्त्र दर वेळीं उडतें काय? येथें रिव्हॉल्व्हर आणि मूठींत गोळ्यांची पेटी बसणारें पिस्तूल ह्यांतील फरक लक्षांत घ्यावा. पिस्तुलांत पहिल्या बाराच्या जोरानें रिकामें काडतूस बाहेर फेंकलें जाऊन दुसरें आंत येतें. ही क्रिया अडली तर तें मोकळें करण्याची युक्ति हाताला सरावाची असावी लागते. रिव्हॉल्व्हरांत एखादें काडतूस उडालें नाहीं तर चाप पुन्हां ओढावा. चक्र फिरून दुसरें काडतूस घोड्यापुढें येतें. शिवाय तें भरून कित्येक महिने ठेवलें तरी त्याची कमान दबून राहत नाहीं. ज्याला वारंवार सराव होणार नाहीं, त्याला म्हणूनच साधें रिव्हॉल्व्हर अधिक मानवतें.

दुकानांत पारख करतांना तें रिकामें असल्याची खात्री दोनदां करून घ्यावी. मग घोडा सावकाश मागें ओढून पहावा. प्रत्येक वेळीं चक्राचें घर नळीपुढें बरोबर येऊन घट्ट अडकलें पाहिजे. सहापैकीं एका घराशीं जरी चक्र डुगडुगलें, तरी तें शस्त्र परत करावें. नळीच्या आंत उजेड धरून खड्डे किंवा गंज पहावा. पारख झाल्याची मुद्रा पहावी. खरी परीक्षा मात्र मैदानावरच होते. ज्या बनावटीचीं काडतुसें घरीं ठेवावयाचीं, त्याच बनावटीचीं निदान पन्नास उडवून पहावींत. एवढ्यांत एकदांहि शस्त्र हटलें, तर तें दुरुस्त होऊन पुन्हां परीक्षेस उतरेपर्यंत त्याच्यावर भिस्त ठेवूं नये. वर्षाकाठीं किती काडतुसें घ्यावींत हें परवान्यावर ठरलेलें असतें. म्हणून हा खर्च पहिल्याच वर्षीं योजून ठेवावा.

किनार्‍यावर ह्या कसोटीला खार्‍या वार्‍याची जोड मिळते. ज्या हवेंत खिडकीच्या गजांना दोन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि जेथें वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथें लोखंडाचें शस्त्र कपाटांत टाकून विसरतां येत नाहीं. कातडी म्यान दिसावयास ऐटदार. परंतु कातडें ओल धरून ठेवतें आणि त्यांतच शस्त्र गंजतें. तें कोरड्या, बंद पेटींत, दमट हवा शोषणार्‍या पुड्यांसह ठेवावें. पावसाळ्यांत दर पंधरवड्यास पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. काडतुसांना मात्र तेल लागूं देऊं नये, कारण तें टोपीच्या मसाल्यांत झिरपल्यास काडतूस फुसकें निघतें. एक पावसाळा काढलेलीं काडतुसें सरावाला वापरावींत आणि घरासाठीं नवीं ठेवावींत. कोंकणांत स्वस्त शस्त्र आणि महाग शस्त्र ह्यांतील अंतरापेक्षां, निगा राखलेलें आणि न राखलेलें ह्यांतील अंतर फार मोठें आहे.

दुसरी कसोटी हाताची. घोडा आधीं न चढवितां नुसता चाप ओढून बार काढावयाचा, तर बोटाला बराच जोर लागतो. सत्तरीच्या गृहस्थाला किंवा संधिवातानें बोटें आखडलेल्या बाईला तो चाप शेवटपर्यंत, नेम न ढळवितां, सलग सहा वेळां ओढतां येतो काय, हें घेण्यापूर्वींच पहावें. शस्त्र जितकें लहान तितकें तें लपविण्यास सोपें, पण नेमास अवघड. कारण आंखूड नळीवर नेम धरण्याच्या दोन खुणा अगदीं जवळ येतात. .३२ चा धक्का मात्र सौम्य असतो, आणि हा गुण दुबळ्या मनगटाला फार मोलाचा आहे. सात पावलांवरून जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळांत पांचहि गोळ्या बसूं लागल्या, तर शस्त्र हाताला बसलें असें समजावें.

तिसरी कसोटी गोळीच्या जोराची. वादविवाद बहुधा हिच्यावरच रंगतो. आंकडेच घ्यावयाचे, तर आंखूड नळींतून सुटलेल्या .२२ च्या गोळीचा जोर सुमारें १०० ज्यूल, .३२ चा सुमारें १५० आणि लष्करी ९ मिलिमीटरचा पावणेपांचशेंच्या आसपास. शेवटचें माप आपल्याकडे सामान्य नागरिकास मिळत नाहीं; तेव्हां .३२ दुबळी आहे हें मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे. परंतु नुसत्या जोरानें सर्व कांहीं साधतें असेंहि नाहीं. फिलिपाइन्समधील लढ्यांत .३८ इंची रिव्हॉल्व्हर अपुरें पडलें अशी ओरड झाल्यावर अमेरिकन सैन्यानें १९०४ सालीं गोळ्यांच्या परिणामाचे प्रयोग केले आणि पुढें १९११ सालीं .४५ इंची पिस्तूल स्वीकारलें. उलट, एप्रिल १९८६ मध्यें मायामी शहरीं एका दरोडेखोरास ९ मिलिमीटरची गोळी लागली, ती हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि त्यानंतरहि तो लढतच राहिला. त्या चकमकींत दोन सरकारी अधिकारी मारले गेले. तेव्हांपासून तेथील तपास-खात्यानें गोळी मांसासारख्या लगद्यांत निदान १२ इंच शिरली पाहिजे, असा दंडक घातला.

ह्यावरून असें दिसतें, कीं पिस्तुलाच्या गोळीनें माणूस जागच्या जागीं कोसळतो हा चित्रपटांनीं पसरविलेला भ्रम आहे. मेंदूला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली तरच तो तत्काळ थांबतो; एरवीं हृदय निकामी झालें तरी दहा-पंधरा सेकंद हालचाल करण्यापुरता प्राणवायु मेंदूंत उरतो. म्हणून योग्य ठिकाणीं बसलेली .३२ ची गोळी ही चुकलेल्या मोठ्या गोळीहून कितीतरी श्रेष्ठ. .२२ बद्दल मात्र हात राखून बोलावें लागतें. तिचा जोर कमी, आणि तिच्या काडतुसाचा मसाला कांठांत भरलेला असल्यानें तीं न उडण्याचें प्रमाणहि मधोमध टोपी असलेल्या काडतुसांपेक्षां अधिक. मोठा चाप ज्याला ओढवतच नाहीं, त्यानेंच तिचा विचार करावा.

मग जुनी बंदूक काय वाईट? खांद्याला लावलेल्या बंदुकीचा नेम पिस्तुलापेक्षां सोपा असतो, आणि जवळून तिच्या छर्‍यांचा मारा .३२ हून पुष्कळ प्रबळ. काडतुसाच्या दुनळीला किंमत कमी पडते आणि परवान्याच्या वाटेंतहि तिला अडथळे कमी. परंतु माजघराच्या अरुंद दारांतून लांब नळी वळविणें कठीण, आणि ती हिसकावून घेणें सोपें. ठासणीची बंदूक तर एका बाराची. तो चुकला कीं दारू आणि छर्रे पुन्हां ठासावयास कोणी थांबणार नाहीं, आणि पावसाळ्यांत दारू सर्दावली तर तो एक बारहि गेला. पिकावरचें माकड हुसकावण्यास ती पुरेशी; माणसापुढें तिची भिस्त धरूं नये.

ह्या तिन्ही कसोट्या उतरल्यावर एक कसोटी घराची आणि विवेकाची राहते. चिर्‍याची भिंत गोळी अडवील. पण फळ्यांची आडभिंत अडवणार नाहीं, आणि तिच्या पलीकडे नातवंडें निजलेलीं असतात. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें ३४ ते ४४ ह्या कलमांत स्वसंरक्षणाचा अधिकार दिला आहे. परंतु तो गरजेपुरताच आहे. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणारा किंवा दरोडा घालणारा ह्याच्याविरुद्ध तो प्राण घेण्यापर्यंत जाऊं शकतो. साध्या चोरीच्या बाबतींत मृत्यूची किंवा जबर इजेची वाजवी भीति असावी लागते. बागेंतले नारळ घेऊन पळणार्‍याच्या पाठीवर गोळी झाडणें हें संरक्षण नव्हे. तो गुन्हा आहे. आणि पोलिसांस कळविण्यास सवड असेल तर ११२ हा क्रमांक पिस्तुलाच्या आधीं हातीं घ्यावयाचा आहे.

तात्पर्य, चांगल्या स्थितींतलें, पन्नास बारांच्या परीक्षेस उतरलेलें, तेलपाणी होणारें आणि मालकाच्या बोटाला सोसणारें .३२ चें देशी रिव्हॉल्व्हर घराच्या रक्षणास पुरेसें आहे. त्याच्या चौपट किंमतीचें जुनें विलायती शस्त्र त्याहून अधिक कांहीं देणार नाहीं. पण ज्या घरीं सराव होणार नाहीं, कुलपाची पेटी नाहीं, किंवा ज्याच्या हातीं शस्त्र द्यावयाचें त्याचें मनच तें घेत नाहीं, त्या घराला कोणतेंहि पिस्तूल पुरें पडणार नाहीं. तेथें तेच पैसे मजबूत दार, आंतून लागणारा अडसर, वीज गेल्यावरहि जळणारे दिवे आणि एक जागरूक कुत्रा ह्यांवर खर्च करावे. वडिलांना शस्त्र हवें आहे काय, हें त्यांनाच विचारावें. आणि त्यांनीं नको म्हटलें, तर तोच ह्या प्रश्नाचा निकाल समजावा.