अडखळणाऱ्या खेळाचे निदान

घरात कोणी आजारी पडले म्हणजे वैद्य प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो व मगच मात्रा देतो. परंतु घरातील यंत्र आजारी पडले म्हणजे आपण नाडी न पाहताच एकदम नवे यंत्र आणावयास निघतो. “गेम अटकतोय” ही तक्रार हल्ली बहुतेक घरांतून ऐकू येते. वडील मंडळी ती पोरकट समजून कानाआड करितात. आणि पुढे पंचवीस-तीस हजारांच्या खरेदीची गोष्ट निघाली म्हणजे मात्र घरात वादाला तोंड फुटते. आमच्या घरी असेच झाले. त्यातून मला जे शिकावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गेल्या वैशाखातील गोष्ट. धाकट्या बंधूंचा नातू दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. सुटीत संगणकावर खेळण्याची त्यास रीतसर परवानगी होती. पण खेळ सुरू होऊन घटकाभर झाला न झाला तोच चित्र अडखळू लागे, आणि मुलगा चिडून टेबलावर मूठ आपटी. एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न पाहताच दूरध्वनीवरून सांगितले की, ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे घाला. मुलाच्या वडिलांस वाटले, नवे कार्ड मिळविण्यासाठीच हे निमित्त चालले आहे. मीही त्यांचीच री ओढली. तेव्हा मुलगा मजकडे पाहून म्हणाला, “आजोबा, खेळू नकोस म्हणा, मी खेळणार नाही. पण खोटे बोलतो असे म्हणू नका.” हे शब्द मला लागले. चाळीस वर्षे वर्गात ज्याने साक्षीपुराव्याशिवाय कोणास शिक्षा केली नाही, त्याने घरातच तो नियम मोडला होता. मी त्यास म्हटले, “ये, आपण दोघे मिळून पाहू.”

चित्र हलते म्हणजे काय होते?

पडद्यावरील चित्र वस्तुतः हलत नाही. स्थिर चित्रे एकामागून एक इतक्या त्वरेने दाखविली जातात की डोळ्यास ती हलल्याचा भास होतो. दादासाहेब फाळके ह्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत, आणि फिरविणाऱ्याच्या हाताप्रमाणे चित्रांचा वेग कमीजास्त होई. बोलपट आल्यावर आवाज बेसूर होऊ नये म्हणून सेकंदास 24 चित्रे हा वेग निश्चित झाला. ह्या प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात.

चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात. खेळाची तशी नसतात. खेळणाऱ्याने बोट हलविले की त्यानुसार पुढील चित्र यंत्रास तत्क्षणी रेखाटावे लागते. सेकंदास 60 चित्रे हवी असतील तर एका चित्रास एक सेकंदाचे हजार भाग केल्यास त्यांतील जेमतेम सोळा-सतरा भाग मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरने हिशेब करावयाचा, ग्राफिक्स कार्डाने रंग भरावयाचे व पडद्यावर पाठवावयाचे. एकाने उशीर केला की सर्वांस उशीर.

एक तक्रार, तीन रोग

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. चित्रांची संख्याच कमी होणे हा एक रोग. संख्या पुरेशी असूनही ती समान अंतराने न येणे हा दुसरा. समजा, एका सेकंदात 60 चित्रे आली. त्यांपैकी 59 चित्रांस प्रत्येकी 12 सहस्रांश सेकंद लागले आणि उरलेल्या एकास 292. सरासरी 60च भरली. पण खेळणाऱ्यास जवळजवळ तृतीयांश सेकंदाचा ठसका बसला. सर्व विषयांत उत्तम गुण व गणितात भोपळा, अशा विद्यार्थ्याची सरासरी जशी फसवी, तशीच ही. अमेरिकेतील स्कॉट वॉसन ह्या परीक्षकाने 2011 साली सरासरी सोडून एकेका चित्रास लागणारा वेळ मोजण्याची पद्धत मांडली, ती ह्याच कारणास्तव. तिसरा रोग इंटरनेटचा. दुसऱ्या गावच्या सोबत्यांशी खेळताना चित्र गुळगुळीत असून पात्रे मात्र एकदम इकडून तिकडे उडू लागली, तर दोष यंत्राचा नसून बहुधा जोडणीचा जाणावा.

अन्वय आणि व्यतिरेक

तर्कसंग्रह शिकलेल्यांस स्वयंपाकघर व तलाव ही उदाहरणे आठवतील. धूर आहे तेथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात. अग्नी नाही तेथे धूर नाही, जसे तलावात. कारण ठरवावयाचे तर ते असता कार्य होते, आणि ते नसता होत नाही, अशा दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. मी मुलास एक वही दिली व सांगितले, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि काय झाले ते लिहावयाचे.

तीन दिवसांत वही बोलू लागली. पहाटे सहास खेळले तर पाऊण तास काही बिघाड नाही; दुपारी दोनला पंधराव्या मिनिटापासून मंदी. कार्ड निकामी असते तर त्याने पहाट-दुपार का पाहिली असती? आम्ही कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात प्रोसेसरचा वेग दिसतो. दुपारी मंदी येई त्याच क्षणी हा वेग निम्म्याच्या जवळ घसरत होता, आणि तापमान दाखविणाऱ्या मोफत साधनात आकडा शंभर अंशांच्या घरात होता. फार तापल्यास जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर आपण होऊनच काम हळू करितो. ही त्याची आत्मरक्षा आहे, दोष नव्हे. मग पेटीची बाजू उघडून समोर टेबलपंखा लावला, तर दुपारीही खेळ नीट चालला. अन्वय झाला, व्यतिरेकही झाला.

आमचे नगर, म्हणजे 2024 पासूनचे अहिल्यानगर, पर्जन्यछायेतील. उन्हाळा कडक व धूळ अपार. निजामशाहीतील फराहबाग महाल बांधणाऱ्यांनी चोहोबाजूंस पाणी राखून मध्ये उंच घुमटाचे दालन केले, कारण ह्या भूमीत गारव्याची योजना आधी करावी लागते हे ते जाणत होते. आम्ही मात्र संगणक भिंतीतल्या कपाटात कोंबून त्यावर वहिनींनी विणलेले आच्छादन घातले होते! यंत्र बंद करून, वीजतार काढून पेटी उघडली, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर व धातूच्या पापुद्र्यांत धुळीचा नमदा जमलेला आढळला. पाती बोटाने धरून कोरड्या मऊ ब्रशाने ती काढली. प्रोसेसर व त्यावरील धातूचा ठोकळा ह्यांमध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. तो वाळला होता, म्हणून एका जाणत्या कारागिराकडून नवा घालून घेतला. ओले फडके मात्र कोणी लावू नये. पेटी कपाटातून बाहेर आली, आच्छादन देवघरातल्या पेटीवर गेले, आणि दुपारची मंदी थांबली.

राहिलेला ठसका

तरीही एक दोष उरला. खेळातील नव्या प्रदेशात शिरताच क्षणभर चित्र थिजे. टास्क मॅनेजरात पाहिले तर रॅम, म्हणजे तात्पुरती स्मरणशक्ती, काठोकाठ भरलेली व हार्ड डिस्क शंभर टक्के गुंतलेली. स्वयंपाकाचा ओटा लहान असला म्हणजे गृहिणीस दर पदार्थासाठी कोठीच्या खोलीत खेपा घालाव्या लागतात, तसेच हे. ब्राउझरची वीस पाने मागे उघडी होती. ती मिटताच ठसके निम्मे झाले. आठ जीबीच्या एका पट्टीस तशीच दुसरी जोडली, तेव्हा उरलेलेही बहुतेक गेले. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या म्हणजे माहितीच्या दोन वाटा एकदम खुल्या होतात, हा आणखी एक लाभ. हार्ड डिस्कऐवजी एसएसडीवर खेळ ठेवल्यास कोठीच ओट्याजवळ आणल्यासारखे होते. नवा खेळ पहिल्यांदा खेळताना येणारे काही ठसके मात्र पुढे आपोआप कमी होतात; त्या वेळी यंत्र चित्रे रंगविण्याच्या आज्ञा तयार करीत असते.

इतरही किरकोळ कारणे पाहून ठेवावीत. मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डास न जोडता चुकून मदरबोर्डास जोडलेली असते. लॅपटॉप चार्जरविना अथवा गादीवर ठेवून चालविलेला असतो. मागे अद्ययावतीकरण किंवा विषाणूंची तपासणी चाललेली असते. ड्रायव्हर बदलल्यापासून त्रास सुरू झाला असल्यास पूर्वीचा घालून पाहावा. वेग 40 आणि 90 ह्यांमध्ये हेलकावत असेल तर खेळाच्या मांडणीत 60 किंवा त्याहून खाली मर्यादा बांधावी. स्थिर पन्नास हे चंचल नव्वदांहून डोळ्यास सुखाचे असतात.

कार्ड खरोखरच अपुरे आहे काय, ह्याचीही परीक्षा आहे. खेळातील चित्राचे रिझोल्युशन कमी करावे. वेग पुष्कळ वाढला तर भार कार्डावर होता; जवळजवळ तेवढाच राहिला तर अडचण प्रोसेसरकडे किंवा अन्यत्र आहे, आणि नव्या कार्डाचे पैसे पाण्यात जातील. ही परीक्षा करून कार्डच दुबळे ठरले तर ऐपतीप्रमाणे अवश्य घ्यावे. त्यात गैर काही नाही.

आमच्या घरी कार्डाच्या किमतीचा अल्प अंशच खर्च झाला. मुलाच्या वडिलांनी वही पहिल्या पानापासून वाचली, आणि “मी उगाच बोललो रे” एवढेच म्हणाले. मीही माझी चूक त्याजपाशी कबूल केली. खेळाची वेळ रोज एक तास, हा घरचा नियम पूर्वी होता तोच आजही आहे. त्याविषयी मुलाने कधी कुरकूर केली नाही. आता शेजारच्या कोणाचे यंत्र अडखळले की तो वही घेऊन जातो, आणि पहिला प्रश्न विचारतो, “काका, दुपारीच अटकते की सकाळीही?”