कमी उत्पन्न, वय आणि अपंगत्व : घर मिळवताना

गुडघे साथ देत नाहीत आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अशा वृद्धांना परवडणारे आणि वावरता येईल असे घर मिळवण्यासाठी कायद्याचा आधार आहे.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 37 नुसार संबंधित सरकारी गृहयोजनांत लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान 40 टक्के, असलेल्यांसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य मिळते. म्हणून सर्वात आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढावे. उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखलाही तयार ठेवावा. म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या घरांच्या सोडतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. देशात कुठेही स्वतःचे पक्के घर नसावे, ही अट आहे. घरांचे वाटप होताना ज्येष्ठांना व दिव्यांगांना तळमजला किंवा खालचा मजला प्राधान्याने द्यावा, असे या योजनेत सांगितले आहे. ती मागणी लेखी करावी.

असलेले घर टिकवणेही तितकेच महत्त्वाचे. मुलांच्या नावे घर करताना बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे : 14567. शेजारच्या आजी-आजोबांनाही हा क्रमांक लिहून द्या.