विद्यापीठाची नवी देवडी

घरांतील मुलाचा अथवा मुलीचा पदवीपरीक्षेचा निकाल ही पूर्वींपासून साऱ्या कुटुंबाची बाब होत आली आहे. आजोबांनीं दोनदां विचारावें, आजीनें देवापुढें साखर ठेवावी, काकांनीं ओळखीच्या प्राध्यापकांकडून कांहीं कळतें कीं काय याचा तपास करावा, हा क्रम ठरलेला. त्यांत फरक पडला आहे तो एवढाच कीं, फळ्यावर लागणारा निकाल आतां पडद्यावर लागतो. प्रवेशाचा अर्ज, शुल्काची पावती, परीक्षेचें प्रवेशपत्र, गुणपत्रिका, आणि शेवटीं पदवीचा दाखला, ह्या सर्वांसाठीं विद्यार्थी ज्या दारांतून आंत जातो तें दार दगडाचें राहिलेलें नाहीं. राजाबाई मनोऱ्याचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें खरें. पण आजच्या विद्यार्थ्याची विद्यापीठाशीं पहिली गांठ पडते ती त्याच्या संकेतस्थळावर. ही देवडी कोण बांधतो, ती कशी उभी राहते, आणि ती अडली म्हणजे बाहेर ताटकळणाऱ्यांचें काय होतें, ह्याची माहिती सुशिक्षित कुटुंबांतहि असावी तितकी नसते.

ह्या देवडीचा इतिहास फार जुना नाहीं, आणि त्याच्या आरंभीं एका ग्रंथपालबाईंचें नांव येतें ही गोष्ट आमच्या वाचक भगिनींस आवडेल. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठ चालवीत असलेली ‘स्लॅक’ नांवाची पदार्थविज्ञानाची एक मोठी प्रयोगशाळा आहे. तेथें भौतिकशास्त्रावरील निबंधांची एक प्रचंड सूची संगणकावर ठेवलेली होती. तिचें नांव ‘स्पायर्स’. नोंदी लाखांनीं मोजाव्या अशा. परंतु परगांवच्या अभ्यासकाला त्या पाहावयाच्या तर त्या विशिष्ट संगणकाच्या आज्ञा पाठ असाव्या लागत. १९९१ च्या सप्टेंबरांत स्लॅकमधील शास्त्रज्ञ पॉल कुन्झ हे स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ ह्या संस्थेंत गेले असतां तेथें टिम बर्नर्स-ली ह्यांनीं त्यांना ‘वर्ल्ड वाइड वेब’ ही आपली नवी युक्ति दाखविली. ह्या युक्तीनें दूरच्या संगणकांतील सूचीला बसल्या जागेवरून प्रश्न विचारतां येईल, हें मर्म कुन्झ ह्यांनीं तत्काळ ओळखलें. परत आल्यावर त्यांनीं ही हकीकत ग्रंथपाल लुईझ ॲडिस ह्यांच्या कानावर घातली. कुन्झ इतर कामांत गुंतलेले. पण ॲडिसबाईंनीं त्यांचा पिच्छा सोडला नाहीं. १२ डिसेंबर १९९१ रोजीं युरोपाबाहेरचें पहिलें संकेतस्थळ सुरू झालें. पहिल्या पानावर मजकूर अवघ्या तीन ओळींचा होता. पुढच्याच महिन्यांत फ्रान्समध्यें भरलेल्या परिषदेंत बर्नर्स-ली ह्यांनीं जमलेल्या शास्त्रज्ञांपुढें हीच सूची उघडून दाखविली, तेव्हां कुठें ह्या युक्तीचा उपयोग अनेकांच्या ध्यानांत आला. हल्लींच्या कित्येक विद्यापीठांच्या पानांवर हार घातलेल्या पाहुण्यांचीं छायाचित्रें एकामागून एक सरकत असतात, आणि परीक्षेचें वेळापत्रक मात्र सांपडतां सांपडत नाहीं. त्यांच्या चालकांनीं त्या तीन ओळींचें स्मरण ठेवावें असें आम्हांस वाटतें.

दर्शनी पान हा ह्या कामांतील सर्वांत सोपा भाग होय. खरे कष्ट आंत असतात. विद्यापीठांत प्रवेशाची वही निराळी, लेखाविभागाची निराळी, परीक्षाविभागाची निराळी, ग्रंथालयाची व वसतिगृहाची आणखी निराळी. एकाच विद्यार्थिनीचें नांव एका वहींत आडनांव आधीं धरून, दुसरींत शेवटीं, आणि तिसरींत लग्नानंतरचें, असें लिहिलेलें असतें. माणसाला कळतें कीं ही एकच मुलगी. यंत्राला त्या तिघी वाटतात. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास एक कायम नोंदणी क्रमांक देऊन सर्व वह्या त्या क्रमांकाभोंवतीं गुंफाव्या लागतात. क्रमांकाचा एक अंक चुकला तर एकाचें शुल्क दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतें आणि तिसऱ्याच दिवशीं खिडकीशीं भांडण उभें राहतें.

निकालाच्या दिवसाचा प्रकार तर आणखी निराळा. वर्षांतील बहुतेक दिवस ह्या यंत्रणेवर फारसा भार नसतो, आणि मग एके सायंकाळीं लक्षावधि बोटें एकाच क्षणीं एकच कळ दाबतात. लग्नाच्या पंगतीची उपमा येथें चांगली लागू पडते. पाहुणा पाटावर बसल्यावर त्याच्यापुरती डाळ शिजत घालावयाची असें ठरविलें, तर कितीहि आचारी लावा, पंगत उठावयाची नाहीं. विद्यार्थ्यानें क्रमांक लिहितांच मूळ नोंदवही उघडावी, गुण शोधावे, बेरीज करावी आणि पान मांडावें, ही रीत तशीच होय. जाणता व्यवस्थापक स्वयंपाक आधीं करून ठेवतो. निकाल एकदां जाहीर झाला कीं त्या दिवसापुरता तो बदलावयाचा नसतो. तेव्हां प्रत्येकाचें पान अगोदर तयार करून त्याच्या प्रती पांच-दहा यंत्रांवर ठेवतां येतात, आणि मूळ वही कुलुपांत सुरक्षित राहते. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं यंदा निकाल असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पान उघडत नाहीं म्हणून पुनःपुन्हां कळ दाबल्यानें आपलाच नंबर मागें जातो.

ह्या बाबतींत आपल्या घरचेंच एक उदाहरण आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. १८६२ सालीं त्याचे पहिले बी. ए. झाले ते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांचा निकाल अर्ध्या कागदावर मावण्यासारखा होता. २०१७ च्या उन्हाळ्यांत त्याच विद्यापीठापुढें ४७७ परीक्षांच्या सुमारें १७ लक्ष उत्तरपत्रिका होत्या, आणि त्या सर्व पडद्यावर तपासावयाच्या असें ऐन परीक्षेच्या हंगामांत ठरलें. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकेचीं पानें यंत्रानें टिपून घ्यावयाचीं, परीक्षकानें तीं आपल्या महाविद्यालयांत बसून वाचावयाचीं, बेरीज यंत्रानें करावयाची. म्हणजे गठ्ठे गांवोगांव हिंडावयाचे नाहींत आणि बेरजेंत चूक व्हावयाची नाहीं. पण लक्षावधि पत्रिका टिपणें, प्रत्येकीची खूण तिच्या विषयाशीं जुळविणें, आणि हजारों अध्यापकांस नवी रीत शिकविणें, हें सारें कांहीं आठवड्यांत उरकावयाचें होतें. कामाचा ढीग सांचत गेला. कुलपति ह्या नात्यानें राज्यपालांनीं ३१ जुलै ही मुदत घालून दिली. तपासणीसाठीं महाविद्यालयांतले वर्ग कांहीं दिवस बंद ठेवण्यांत आले. तरी मुदत टळली, आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. ऑक्टोबरमध्यें कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें. ज्यांचे परदेशांतील अथवा पुढील अभ्यासक्रमाचे प्रवेश गुणपत्रिकेवांचून अडले होते, त्यांना मात्र ह्यानें गेलेला काळ परत मिळाला नाहीं. आमच्या मतें दोष यंत्राचा नव्हता. एका लहान शाखेवर वर्षभर चालवून पाहिलेली पद्धत दुसऱ्या वर्षीं वाढवीत नेली असती तर हा प्रसंग येता ना.

दार उभें राहिलें कीं पहारेकरी लागतोच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत १९८३ सालीं ‘अथीना’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. शेंकडों संगणक, कोणींहि विद्यार्थ्यानें कोठेंहि बसावें, आणि तरी त्याची वही दुसऱ्याच्या हातीं पडूं नये, हा तेथला पेंच. त्यांतून जी पहाऱ्याची पद्धत निघाली तिला ग्रीक पुराणांतील पाताळाच्या द्वारीं बसणाऱ्या त्रिमुखी श्वानाचें, ‘कर्बेरॉस’चें, नांव देण्यांत आलें. आपल्या यमाच्या दारींहि दोन श्वान आहेतच! ह्या पद्धतींत गुप्त शब्द तारेवरून जातच नाहीं. ओळख पटल्यावर ठराविक मुदतीचें एक तिकीट मिळतें आणि पुढचीं दारें त्या तिकिटावर उघडतात. आज जगांतील असंख्य कचेऱ्यांत हीच रीत चालते.

पण दार आंत येऊं पाहणाऱ्या सर्वांना उघडतें काय, हा प्रश्न उरतो. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठानें आपल्या प्राध्यापकांचीं व्याख्यानें साऱ्या जगासाठीं फुकट खुलीं केलीं होतीं. त्यांतील पुष्कळांवर मजकुराच्या ओळी नसल्यानें कर्णबधिरांस त्यांचा उपयोग होईना. तक्रार झाली, आणि २०१६ सालीं अमेरिकेच्या न्यायखात्यानें ती ग्राह्य धरली. विद्यापीठानें ओळी घालण्याचा खर्च करण्याऐवजीं मार्च २०१७ पासून वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रफिती सर्वांसाठींच बंद केल्या. पुढें २०२२ सालीं न्यायखात्याशीं तडजोड होऊन विद्यापीठानें हा मजकूर सुगम करण्याचें मान्य केलें. ज्या घरांत ऐकूं कमी येणारे आजोबा आहेत त्या घरच्यांस तक्रारदारांचें म्हणणें समजावून सांगावें लागणार नाहीं.

ह्याच्या उलट बाजूचें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील आहे. मार्टिन डूगिआमास ह्या गृहस्थांचें बालपण वाळवंटी मुलखांत गेलें. शाळा इतकी दूर कीं धडे रेडिओवरून येत. मोठेपणीं ते पर्थच्या कर्टिन विद्यापीठांत विकतची एक शिक्षणप्रणाली सांभाळीत असत. ती मनासारखी वागेना, म्हणून त्यांनीं स्वतःच एक रचिली, आणि २००२ सालीं तिची पहिली पूर्ण आवृत्ति कोणींहि घ्यावी अशी फुकट खुली केली. तीच ‘मूडल’. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत मुलें आज ‘मूडलवर गृहपाठ टाकला’ असें म्हणतात तें हेंच.

राहतां राहिला जुन्या पानांचा प्रश्न. संस्था दर चार-पांच वर्षांनीं संकेतस्थळाचें नवें रूप बांधते आणि जुन्या पानांचे पत्ते मोडून पडतात. दहा वर्षांपूर्वीं पदवी घेऊन परदेशीं गेलेल्या मुलीकडे तेथील संस्था त्या वेळचा अभ्यासक्रम मागते, आणि येथें तो कोठेंच सांपडत नाहीं. मराठी पानांची अवस्था त्याहून बिकट. देवनागरीला ‘युनिकोड’मध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें होतें, तरी आपल्याकडे पुष्कळ काळ प्रत्येकाचें टंक निराळें, आणि तें टंक ज्याच्या यंत्रावर नाहीं त्याला सारा मजकूर अगम्य. अभ्यासक्रमाची व गुणपत्रिकेची कागदी प्रत घरांतल्या कपाटांत ठेवणें अद्याप सोडूं नये. स्लॅकमध्यें मात्र १९९१ पासूनच्या आपल्या पानांच्या नकला जपून ठेवल्या गेल्या होत्या. २०१४ सालीं स्टॅनफर्डच्या ग्रंथालयानें तीं पानें पुन्हां उघडतील अशीं करून दिलीं.