पडद्यावरील चक्र थांबत नसेल तर दोष कोठे शोधावा?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तो इंटरनेटवरून एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या एका क्षणी ५ कोटी ९० लाखांवर पोहोचली होती. पूर्वी अशा सामन्याच्या दिवशी चित्र बिघडले की कोणीतरी छतावर जाऊन अँटेना फिरवत असे. पुढे केबलचालकाला दूरध्वनी करण्याची पद्धत आली. आता पडद्याच्या मध्यभागी चक्र फिरू लागले की दाद कोणाकडे मागावी, हेच अनेक घरांत कळत नाही. ॲप, इंटरनेट पुरवठादार, राउटर आणि टीव्ही संच या चारही ठिकाणी दोष असू शकतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. या गोंधळात घाईघाईने शोधयंत्रावर 'कस्टमर केअर' क्रमांक शोधला जातो आणि तेथे फसवणूक करणारे टपून बसलेले असतात. त्यामुळे दोष घरच्या घरी ओळखता येणे हे आता केवळ सोयीचे राहिलेले नाही.

इंटरनेटवरून येणारे चित्र सलग प्रवाहासारखे येत नाही. काही सेकंदांच्या तुकड्यांमध्ये ते येते आणि संच पुढचे काही तुकडे आधीच साठवून ठेवतो. जोडणीचा वेग कमी झाला, तर ॲप आपण होऊन कमी दर्जाचे तुकडे मागवते व चित्र पुसट होते. तेही वेळेत आले नाहीत, तर साठा संपतो आणि चक्र फिरू लागते. थोडक्यात, पुसट चित्र ही पूर्वसूचना आहे आणि चक्र हा तिचा परिणाम. या साठवणुकीमुळेच थेट सामना इंटरनेटवर काही सेकंद मागे असतो. शेजारच्या घरातील जल्लोष आधी ऐकू येणे हा बिघाड नव्हे.

दोष शोधण्याची सर्वांत उपयुक्त चाचणी दोन मिनिटांची आहे. प्रथम त्याच टीव्हीवर दुसरे एखादे ॲप सुरू करून पाहावे. ते सुरळीत चालले, तर घरातील इंटरनेट बहुधा ठीक आहे आणि दोष पहिल्या ॲपचा आहे. त्यानंतर तेच पहिले ॲप मोबाइलवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडावे. तेथेही ते चालले नाही, तर अडचण बहुधा कंपनीच्या सर्व्हरकडे किंवा ग्राहकाच्या खात्यात आहे. मोठ्या सामन्याच्या वेळी हे घडू शकते. अशा वेळी राउटर वारंवार बंद करून काही साध्य होत नाही. मात्र टीव्हीवर कोणतेच ॲप चालत नसेल आणि मोबाइल त्याच वायफायवर व्यवस्थित चालत असेल, तर लक्ष टीव्हीकडे वळवावे. दोन्ही अडत असतील, तर राउटर किंवा पुरवठादाराची जोडणी तपासावी.

वेगाबद्दल बराच गैरसमज आहे. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार पूर्ण एचडी चित्रासाठी प्रतिसेकंद ५ मेगाबिट आणि फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग पुरतो. १०० मेगाबिटची योजना घेऊनही चित्र अडत असेल, तर आणखी महाग योजना घेण्याआधी राउटरची जागा पाहावी. राउटर दाराजवळच्या लोखंडी कपाटामागे आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे, ही मांडणी असंख्य घरांत आढळते. वायफायच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्‌झची लहर दूरवर पोहोचते, पण शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह भट्टीही तिच्यात व्यत्यय आणतात. ५ गिगाहर्ट्‌झची लहर अधिक वेगवान असते, परंतु भिंतींपुढे लवकर क्षीण होते. टीव्ही स्थिर वस्तू असल्याने शक्य तेथे राउटरपासून साधी लॅन केबल टाकणे हा सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी दिवसाचा डेटा संपला आहे का, हे पाहावे. काही योजनांत त्यानंतर वेग प्रतिसेकंद ६४ किलोबिटपर्यंत उतरतो. त्यावर मजकुराचे संदेश जातात, चित्र येत नाही.

टीव्ही संचातील दोषांपैकी एक फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. वीज गेल्यानंतर काही संचांचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. प्रत्येक ॲप सर्व्हरशी जोडले जाताना त्याचे सुरक्षा प्रमाणपत्र तपासते आणि त्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संचाच्या घड्याळात २०१५ साल असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. परिणामी वायफाय जोडलेले दिसते, पण एकही ॲप उघडत नाही. सेटिंगमध्ये तारीख व वेळ दुरुस्त करून ती 'स्वयंचलित' ठेवली की हा बिघाड क्षणात दूर होतो. तंत्रज्ञाला बोलावण्याचे कारण नाही.

रिमोटने बंद केलेला टीव्ही खरे तर अर्धवट झोपलेला असतो. म्हणून प्लग काढून एक मिनिट थांबावे. राउटरही बंद केला असल्यास तो आधी सुरू करून, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर मगच टीव्ही लावावा. त्यानेही ॲप मध्येच बंद पडत असेल, तर साठवणक्षमता तपासावी. स्वस्त संचांमध्ये ती अवघी ८ गिगाबाइट असते आणि बरीचशी आधीच व्यापलेली असते. न वापरलेली ॲप काढावीत व अडणाऱ्या ॲपची 'कॅशे' पुसावी. 'डेटा' पुसल्यास पुन्हा लॉगिन करावे लागते, हे ज्येष्ठांच्या घरी मदत करणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. आवाज येतो पण चित्र काळे, असे झाल्यास एचडीएमआय केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी किंवा दुसऱ्या जागी लावावी. मोबाइलचा पडदा टीव्हीवर दाखवताना मात्र अनेक ॲप नक्कल रोखण्यासाठी चित्र मुद्दाम काळे ठेवतात.

काही दोषांवर इलाज नसतो. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवरील सेवा बंद केली होती. अशा संचाला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावणे नवा टीव्ही घेण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. परदेशी गेलेल्या मराठी प्रेक्षकांना भारतातील ॲपवर 'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' असा संदेश येतो, तोही बिघाड नव्हे; प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात.

ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हेही अनेकांना खात्यातून पैसे गेल्यावरच कळते. वर्गणी ॲपच्या खात्यातून आणि यूपीआयमधील 'ऑटोपे' यादीतून रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना येते.

मदत हवी असल्यास ती ॲपमधील 'हेल्प' विभागातूनच घ्यावी. शोधयंत्रात किंवा समाजमाध्यमांवर दिसणारे क्रमांक बनावट असू शकतात. पलीकडची व्यक्ती मोबाइलचा पडदा दाखवणारे ॲप उतरवायला सांगते, व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवते, किंवा टीव्हीवरील सांकेतिक क्रमांक सुरू करून देण्यासाठी 'केवळ १० रुपये' भरायला लावते. त्या १० रुपयांच्या व्यवहारात कार्डाचा तपशील आणि ओटीपी दोन्ही त्यांच्या हाती जातात. टीव्हीवर दिसणारा तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपमध्ये टाकायचा असतो आणि त्यासाठी कोणतेही वेगळे शुल्क नसते. असे ॲप उतरवले गेलेच असेल, तर मोबाइलचे इंटरनेट ताबडतोब बंद करून दुसऱ्या दूरध्वनीवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी तक्रार नोंदवली गेली, तर ती मध्येच गोठवता येते.